जोडी जुळते, तेव्हा बी धरते



जोडी म्हणजे काय, हे वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. एक बैल दांडगा आणि दुसरा खुजा असला की जू तिरपे होते, तास वाकडा जातो आणि दोन्ही बैल दमतात. म्हणून बैल घेताना आपण शिंगे, खांदा, चाल पाहतो आणि जोड जमली तरच पैसे मोजतो. आज मी अशाच एका जोडीविषयी बोलणार आहे. ही जोडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्यावाचून तुरीच्या शेंगेत दाणा भरत नाही आणि बोंडात सरकी धरत नाही.

आधी तीन गोष्टी ध्यानात घ्या. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते. ते ओझे वाहायला खमके असते, पण त्याला पिल्लू होत नाही. दुसरी गोष्ट केळीची. आपण खातो त्या केळ्यात बी नसते. केळ बी पेरून लावत नाहीत. तिसरी गोष्ट आपल्या कापसाची. देशी कापसाचा अमेरिकन कापसाशी संकर केला, तर मोठ्या कष्टाने एखादे झाड हाती लागते. ते उंच वाढते, त्याला फुलेही येतात, पण त्यात सरकी जवळजवळ भरतच नाही. असं का व्हावं? जनावर वेगळे, फळझाड वेगळे, पीक वेगळे. पण तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे. आत जोडी जमत नाही.

कोणती जोडी? प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. रंग दिला की ती सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात, म्हणून त्यांना रंगसूत्रे असेही म्हणत. रंग, उंची, धाग्याची लांबी असे जे गुण पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, त्यांचे लेखन या सूत्रांवर असते. माणसाच्या पेशीत ४६ सूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. देशी कापसात २६ सूत्रे, तर अमेरिकन कापसात ५२.

आता हिशेब पाहा. बी धरताना आईकडचा अंश आणि बापाकडचा अंश एकत्र येतो. दोघांनीही आपली सगळी सूत्रे दिली, तर दर पिढीला संख्या दुप्पट होईल. तसे होत नाही, कारण परागकण किंवा अंडपेशी तयार होताना सूत्रे निम्मी केली जातात. पण निम्मी म्हणजे मूठ भरून कशीही अर्धी उचलायची नाहीत. प्रत्येक जोडीतले नेमके एक इकडे, एक तिकडे, अशी ती वाटणी असते. या वाटणीला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. वाटणी बिनचूक व्हायची तर आधी जोडीदार ओळखू यावा लागतो, तो शेजारी यावा लागतो, आणि वाटणीचा क्षण येईपर्यंत दोघे घट्ट धरलेले राहावे लागतात. गंमत अशी की ज्यांना वेगळे करायचे, त्यांना आधी एकत्र बांधावे लागते!

घोड्याची सूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळतात, म्हणजे ६३. त्यांत नीट जोड्या लागत नाहीत. नेहमीच्या खाण्याच्या केळीत ११ सूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३. दोघांची जोडी लागली तर तिसरा उरतो. जोड चुकली की वाटणी चुकते, आणि वाटणी चुकली की बी मरते.

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. १८८३ साली बेल्जियममध्ये व्हान बेनेडेन या शास्त्रज्ञाने घोड्याच्या पोटातल्या जंताच्या अंडपेशी तपासल्या. त्याला दिसले की नराकडून आणि मादीकडून सारखीच, पण निम्मी निम्मी सूत्रे येतात. पुढे १९०२ मध्ये अमेरिकेतला वॉल्टर सटन हा तरुण विद्यार्थी नाकतोड्याच्या पेशी पाहत बसला. हा कान्सास प्रांतात शेतावर वाढलेला गडी. ज्या नाकतोड्याला आपण पिकाचा शत्रू म्हणतो, त्याची सूत्रे मोठी आणि सुस्पष्ट असतात. सटनने पाहिले की सूत्रे लहानमोठी असतात आणि मापाला माप लावून त्यांच्या जोड्या जमतात. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ साली आनुवंशिकतेचे जे नियम सांगितले होते, त्यांचे मूळ या जोड्यांच्या वाटणीत आहे, हे सटनने दाखवून दिले. १९०९ मध्ये बेल्जियममधल्याच यान्सेन्स नावाच्या धर्मगुरूने आणखी एक गोष्ट मांडली. जोडीतली सूत्रे जागोजागी एकमेकांवर फुलीसारखी पडलेली दिसतात. तिथे ती तुटून तुकड्यांची अदलाबदल करीत असावीत, असे त्याने म्हटले. ही फुली लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती लागणार आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वऱ्हाड ही कापसाची भूमी. वाशीमला इंग्रज अमदानीत बासिम म्हणत. १९०५ पर्यंत बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, मग तो अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे याच कारंज्यावरून धावत असे. इथला मूळचा कापूस देशी. बणी आणि जरी ही त्याची नावे जुन्या कागदपत्रांत आढळतात. बणीचा धागा तलम, जरीचा आखूड आणि जाडाभरडा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. गिरण्यांना लांब धागा हवा होता. तो अमेरिकन कापसात होता. उलट देशी झाड काटक. पाऊस ताणला तरी तग धरणारे, किडीला सहजी न जुमानणारे. तेव्हा कोणाच्याही मनात येईल की दोघांचा संकर करावा, काटकपणा याचा घ्यावा आणि लांब धागा त्याचा घ्यावा. पण संकर केला की झाड वांझ! आपल्या शेतातल्या या अडचणीचे उत्तर सूत्रांच्या जोडीत दडलेले होते.

१९३४ साली स्कोवस्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने असल्या संकराची सूत्रे पाहून निबंध प्रसिद्ध केला. देशी कापसाची १३ आणि अमेरिकन कापसाची २६, अशी संकरात ३९ सूत्रे होती. त्यांतल्या देशी तेरांनी अमेरिकन सूत्रांपैकी तेरांशी जोड्या जमवल्या. उरलेली तेरा एकेकटी राहिली. झाड वांझ का, हे तर कळलेच. पण त्याहून मोठी गोष्टही उघड झाली. अमेरिकन कापसाच्या पोटात दोन संच आहेत. एक आपल्या आशियाई कापसाच्या गोतावळ्यातला आणि दुसरा अमेरिकेतल्या रानकापसाच्या घरचा. ज्याला आपण परदेशी म्हणत आलो, तो निम्मा आपल्या कापसाचा भाऊबंद निघाला! हा मूळ संकर निसर्गात दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आपोआप घडला असावा, असे आज मानतात.

मग वांझपणावर उपाय काय? जोडीदार नसेल तर जोडीदार करून द्यायचा. १९३७ मध्ये अमेरिकेत असे दिसून आले की कोल्चिसिन हे द्रव्य वाढत्या कोंबाला लावले, तर पेशीतली सूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. त्यामुळे एकट्या सूत्राला त्याच्यासारखेच दुसरे मिळते. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असते. नाव कळलावी, आणि तिच्यातले द्रव्य मात्र जोडी जमवून देणारे! पण सावध असा, ते जहर आहे. मुलांनी त्या कंदाला हात लावू नये. १९४० साली टेक्सासमधल्या बीसली याने आशियाई कापूस आणि अमेरिकन रानकापूस यांचा संकर केला, सूत्रे दुप्पट केली आणि ५२ सूत्रांचे झाड उभे केले. त्याचा अमेरिकन कापसाशी संकर जमला. निसर्गाने लाखो वर्षांपूर्वी केलेले काम माणसाने प्रयोगशाळेत करून पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

या कामात मराठी माणूस मागे नव्हता. डॉ. जी. बी. देवडीकर यांनी अमेरिकन कापूस आणि आफ्रिकेतला अनोमॅलम नावाचा रानकापूस यांच्या संकरावर अभ्यास केला. त्यांचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन कापसाची २६ आणि रानकापसाची १३ मिळून संकरात ३९ सूत्रे. ती दुप्पट केली की ७८, म्हणजे प्रत्येकाला जोडीदार आला. या झाडाचा पुन्हा अमेरिकन कापसाशी संकर केला, की ३९ आणि २६ मिळून ६५. यात अमेरिकन सूत्रांच्या २६ जोड्या लागू शकतात आणि रानकापसाची तेरा सुटी राहतात. सुटी सूत्रे पुढच्या पिढ्यांत हळूहळू गळतात. पण जाता जाता एखाद्याने अमेरिकन सूत्राशी फुली घातली, तर रानकापसाचा एखादा चांगला गुण पिकात उतरतो. पुढे डॉ. देवडीकरांनी पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची धुरा वाहिली. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये निघालेली ती संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

इथवर जोडी जमते की नाही हे कळले. पण ती जमते कशी आणि धरून कशाने ठेवली जाते, हे कोडे बाकीच होते. ते सुटायला कापसाचे झाड फार मोठे आणि फार सावकाश. त्यासाठी शास्त्रज्ञ यीस्टकडे वळले. पाव फुगवते ते यीस्ट, शिंदी आंबवते तेही यीस्ट. एका पेशीचा हा जीव. त्याच्यात १६ सूत्रांचा एक संच असतो, आणि दोन पेशी एकत्र आल्या की १६ जोड्या होतात. हे एकेरी-दुहेरी चक्र कोपनहेगनच्या विंगे यांनी १९३५ मध्ये दाखवले. अशा दुहेरी पेशीची उपासमार केली की ती सूत्रांची वाटणी करून चार बीजाणू बनवते, आणि चौघेही एकाच पिशवीत राहतात. वाटणी बरोबर झाली की चुकली, हे चौघांना वाढवून ताबडतोब ताडता येते. थोड्या दिवसांत निकाल! हंगामभर थांबायला नको.

या इवल्या जीवाने काय दाखवले ते आता पायरीपायरीने ऐका.

पहिली पायरी ऐकून दचकाल. जोडी जमवण्यासाठी पेशी आपलीच सूत्रे जागोजागी तोडते! यीस्टमध्ये दीडशेच्या आसपास ठिकाणी काप पडतात. हा काप स्पो-११ नावाचे प्रथिन घालते, हे १९९७ साली कळले. दुसरी पायरी शोधाची. समजा, पोथीचे एक पान फाटले. मग आपण त्याच पोथीची दुसरी प्रत शोधतो आणि मजकूर जुळवून घेतो. तसे तुटलेले टोक सारखा मजकूर असलेले जोडीदार सूत्र शोधते आणि त्याच्या आधाराने आपली जखम भरून काढते. म्हणजे जखम हेच ओळख पटवण्याचे साधन.

तिसरी पायरी जुवाची. जवळ आलेल्या दोन सूत्रांमध्ये शिडीसारखी एक चौकट उभी राहते. मोझेस आणि फॉसेट यांनी ती १९५६ मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रथम पाहिली. १९९३ साली यीस्टमध्ये या चौकटीचे आडवे दांडे झालेले प्रथिन सापडले. कपड्याच्या चेनसारखे ते दोन बाजू जोडते, म्हणून त्याचे नाव झिप-१. या चौकटीच्या बाजूंशी निगडित असे हॉप-१ नावाचे दुसरे प्रथिन आहे. ते गुणसूत्राच्या मूळ द्रव्याला, म्हणजे डीएनएला, कसे धरते यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. त्यांचा एक निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टच्या या कथेत भारतीय प्रयोगशाळेचाही वाटा आहे, तो असा.

पण थांबा. वाटणीच्या आधीच हे जू सोडले जाते. मग जोडी धरून कशावर राहते? इथे यान्सेन्सची फुली कामाला येते. वाटणीपूर्वी प्रत्येक सूत्राची एक नक्कल झालेली असते, आणि सूत्र व नक्कल एका गोंदाने एकमेकांना चिकटलेली असतात. अर्धसूत्री विभाजनातल्या या गोंदाचा एक मुख्य घटक म्हणजे रेक-८ नावाचे प्रथिन. फुली आणि गोंद मिळून गाठ बसते.

शिक्षक मित्रहो, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. दोन लाल आणि दोन पांढऱ्या सुतळ्या घ्या. एक लाल आणि एक पांढरी मधोमध कापा. लालचा वरचा तुकडा पांढऱ्याच्या खालच्या तुकड्याला बांधा, आणि पांढऱ्याचा वरचा लालच्या खालच्याला. ही झाली फुली. आता चारही सुतळ्या शेजारी ठेवा आणि लालला लाल, पांढऱ्याला पांढरी अशी खळीने चिकटवा. खालचे तुकडेही रंग पाहूनच चिकटवा. खळ वाळली की एका मुलाला दोन्ही लाल वरची टोके आणि दुसऱ्याला दोन्ही पांढरी वरची टोके धरून ओढायला सांगा. जोडी सुटणार नाही. आता खालच्या भागातली खळ सोडवा. दोघांच्या हातांत दोन दोन सुतळ्या अलगद येतील. पेशी नेमके हेच करते. वेळ आली की ती खालचा गोंद कापते आणि जोडी सुटते. वरच्या टोकाशी, जिथे ओढणारे दोर बांधलेले असतात, तिथला गोंद मात्र दुसऱ्या फेरीपर्यंत राखून ठेवते. तो राखणारे प्रथिन २००४ साली यीस्टमध्ये सापडले. त्याला जपानी भाषेतले ‘शुगोशिन’ असे नाव आहे. त्याचा अर्थ रक्षक देव. आपल्या वेशीवरच्या मारुतीसारखा!

गाठ हवी कशाला, हेही पाहा. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी ओढ असली की दोर ताठ राहतो. निकलस यांनी १९६९ मध्ये नाकतोड्याच्या पेशीत काचेच्या अतिसूक्ष्म सुईने जोडी ओढून दाखवले, की ताण असला तरच दोर टिकतात. ताणावरूनच कळते की एकाला इकडून आणि दुसऱ्याला तिकडून पकडले आहे. गाठ नसेल तर ताण नाही, आणि ताण नसेल तर वाटणी दैवावर.

हे सारे यीस्टपुरते नाही बरं का. तपशिलात फरक असले तरी कापसात, नाकतोड्यात आणि माणसात मुख्य रीत हीच. स्त्रीच्या अंडपेशीतली जोडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच बांधली जाते आणि सुटते ती पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी. इतकी वर्षे गोंद टिकवून धरणे अवघड. वयाबरोबर तो सैल होतो आणि कधी वाटणी चुकते. एकविसावे सूत्र दोनऐवजी तीन आले, की मूल डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मते. हे कारण १९५९ साली पॅरिसमध्ये उलगडले. असे मूल झाले की घरात आणि गावात आईला बोल लावतात. ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, कोणाची नजर लागली. यात तिळमात्र तथ्य नाही. एक सूक्ष्म गाठ वेळेआधी सैल झाली, इतकेच. त्या मातेला दोष देऊ नका आणि त्या लेकराला माया द्या.

शेवटी आपल्या बियाण्याच्या पिशवीविषयी. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचे दोन्ही आईबाप अमेरिकन, ५२ सूत्रांचे. म्हणून जोडी जमते आणि सरकीही भरते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर आपल्याकडच्या बहुतेक शेतांत संकरित बियाणेच आले. पुष्कळ शेतकरी विचारतात, “संकरित कापसाची सरकी ठेवून पुढच्या साली पेरली तर काय बिघडले? उगवते की!” उगवते खरी. पण परागकण आणि अंडपेशी होताना आईबापांची जोडी फुटलेली असते, फुलीने तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्यामुळे पुढच्या पिढीत एक झाड आजोबावर, एक आजीवर, तर एक भलत्याच वळणावर जाते. शेत एकसारखे राहत नाही आणि संकराचा जोम उतरतो. त्यात कंपनीने काही जादू करून ठेवलेली नसते. जोडीचा नियमच तो. सरळ वाणाचे तसे नाही. त्याच्या जोडीतली दोन्ही सूत्रे जवळजवळ सारखी असतात. म्हणून वाटणी कशीही झाली तरी पीक आईबापांसारखेच येते. सरळ वाणाची सरकी भेसळ न होऊ देता निवडून ठेवली, तर ती पुन्हा पेरता येते. दोन्ही वाटा समजून घेऊन कोणती धरायची ते ज्याचे त्याने ठरवावे. पण पिशवी विकत घेताना ती संकरित आहे की सरळ वाणाची, हे दुकानदाराला आधी विचारा. त्या एका प्रश्नावर पुढच्या साली पुन्हा पैसे मोजायचे की घरची सरकी पेरायची, हे ठरते.